डेंग्यूवाल्या जर्बासचा साप

जर्बास क्विरिनोला आमच्या गावात आडनावानं कुणी ओळखत नाही. तो डेंग्यूवाला जर्बास. नगरपालिकेचा निळा शर्ट, खांद्याला झोळी, हातात विजेरी. बावीस वर्षं हा माणूस घरोघर फिरून पिंपं, कुंड्या आणि जुने टायर उलथे करतोय. साचलेलं पाणी दिसलं की ओतणार आणि घरच्या माणसाला दोन शब्द सुनावणार. सुनावण्याची हौस त्याला दांडगी. डासांवरून गाडी विंचवांवर जायची, विंचवांवरून सापांवर. "साप चावला तर बांधायचं नाही, चोखायचं नाही, वरून दारू ओतायची नाही. सरळ दवाखाना! जमलं तर लांबून फोटो काढा. आणि तांबड्या-काळ्या-पांढऱ्या कड्यांचा दिसला तर हा खरा, विषारी कोरल की नुसता तसा दिसणारा खोटा, असली पंडिताई नको. सगळे खरेच समजायचे." त्याचं हे भाषण गल्लीतल्या बायकांना इतकं पाठ होतं की तो दाराशी आला की त्याच आधी म्हणायच्या.

आणि याच जर्बासच्या घरी, मागच्या अंगणात धुण्याच्या टाकीशेजारी, काचेच्या पेटीत तसाच कड्यांचा एक साप होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही उगीच नाही.

तो साप फोनवरून मागवलेला होता. सापवेड्यांचा एक गट जर्बासला फोनवर सापडला आणि तिथं दोन-चार प्रश्नांची त्यानं उत्तरं दिली. लोक त्याला ‘मास्तर’ म्हणू लागले. कचेरीत ज्याला कुणी खुर्ची देत नाही, त्याला कुणी मास्तर म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. त्या गटात ‘कप्तान’ नावाचा एक विक्रेता होता. त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. दिसायचा फक्त अंगठी घातलेला हात आणि त्या हातावर खेळणारे साप. कप्तान म्हणाला, "मास्तर, तुमच्यासारख्या जाणकाराकडे साप नाही, हे शोभत नाही. खोटा कोरल देतो. गरीब गाय आहे. कागदपत्रं मागाहून." असा साप परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही हे जर्बासला ठाऊक होतं. त्यानं तरी पैसे पाठवले.

साप आला तो पार्सलनं. वर लिहिलं होतं ‘खेळणी’. आत भोकं पाडलेली प्लास्टिकची बाटली, बाटलीत मोजा, मोज्यात साप. कागदपत्रं आली नाहीत ती नाहीतच.

जर्बासनं त्याला चिमट्यानं उलटा करून पाहिलं. खोट्याचं पोट बहुधा पांढरं असतं. याची कडी पोटाखालूनही पुरी फिरली होती. त्यानं कप्तानला विचारलं. उत्तर आलं, "काही खोटेही तसे असतात, मास्तर. तुम्हाला मी काय शिकवायचं?" हे खरंच आहे, काही असतात. जर्बासनं तेवढंच खरं धरलं आणि बाकीचं डोळ्याआड केलं. पुढं साप उंदराच्या पिल्लाला तोंड लावेना, दिवसभर पेटीतल्या नारळाच्या भुशात दडून राही; हेही खऱ्याचंच लक्षण. जर्बासनं पुन्हा विचारलं, तर कप्तानचा नंबर लागेना. महिन्याभरात दुसऱ्याच नावानं तोच अंगठीचा हात पुन्हा साप विकायला बसला होता.

तेव्हाही साप सरकारी माणसांच्या स्वाधीन करता आला असता. स्वतःहून देणाऱ्याला फारसा त्रास होत नाही. पण मग कचेरीत कळलं असतं, गल्लीत कळलं असतं. जर्बासला नोकरी जाण्यापेक्षाही त्या निळ्या शर्टाची इज्जत जाण्याची भीती. बायकोला त्यानं बजावलं, "पेटीला हात लावायचा नाही." का, ते मात्र सांगितलं नाही. खोटा आहे, निरुपद्रवी आहे, असंच तिला सांगून ठेवलं होतं.

लुसिमार, त्याची बायको, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, कुणाचं तहानलेलं तोंड बघवत नाही अशी. एका रविवारी सकाळी धुणं धुताना तिला पेटीतली वाटी कोरडी दिसली. तिनं झाकण सरकवून वाटी उचलली. साप वाटीखालीच होता.

"जर्बास! अरे, चावला तुझा पाहुणा!" ती हसतच आत आली. करंगळीवर दोन बारीक ठिपके, सूज नाही, रक्त नाही. "मुंगी बरी याच्यापेक्षा."

जर्बासच्या हातातला कप खाली आला. सूज नाही म्हणजे काही नाही, असं कोरलच्या बाबतीत नसतं. हे तो बावीस वर्षं सांगत आला होता. बोलायचं होतं, ‘चल, दवाखान्यात.’ तोंडातून आलं, "खोटाच आहे गं. साबणानं धू."

"नक्की?"

"मला कळत नाही होय त्यातलं?"

तिनं हात धुतला आणि पेकीची फळं घातलेला भात चुलीवर ठेवला. जर्बास घड्याळाकडे पाहत बसला. तासाभरात काही झालं नाही तर काहीच होणार नाही, असा हिशेब त्यानं कुठल्या पुस्तकातून काढला देव जाणे. दीड तासानं ती जेवायला बसली आणि ताटाकडे बघत राहिली.

"दोन-दोन ताटं का दिसतायत मला?" तिच्या पापण्या खाली येत होत्या. तिनं बोटानं एक वर धरली. "जर्बास, डोळा उघडत नाही रे."

मग मात्र तो उठला. तिला उचलून गाडीत घालताना गल्ली गोळा झाली. "काय झालं? काय झालं?" आणि जर्बासच्या तोंडून जे निघालं ते असं, "साप! दोना झेफाच्या विटांतून आला!"

दोना झेफा म्हणजे पलीकडची सत्तरीची एकटी बाई. परसात एक खोली वाढवायची म्हणून वर्षानुवर्षं थोड्या थोड्या विटा आणून रचत होती. या गावात कुणाच्या अंगणात असा ढीग नाही? पण जर्बास तिला दरवेळी हटकायचा. त्यामुळे खोटं बोलायला वीटही हाताशीच सापडली.

दवाखान्यात डॉक्टर तालितानं लुसिमारचे डोळे पाहिले आणि विषबाधा केंद्राला फोन लावला. लुसिमारची जीभ जड झाली होती, थुंकी गिळता येत नव्हती. फोनवर हात ठेवून डॉक्टर वळली.

"जर्बासभाऊ, खुळखुळणाऱ्या शेपटीचा साप की कोरल? पापण्या दोघांच्याही विषानं पडतात, औषध मात्र वेगवेगळं. पाहिलात ना साप?"

"विटांत... नीट दिसला नाही."

"कडी होती का?"

"घाईत... सांगता येत नाही."

परिचारिका मध्येच म्हणाली, "फोटो? गेल्या महिन्यात तुम्हीच आम्हाला शिकवून गेलात, फोटो काढा म्हणून!"

जर्बासच्या खिशातल्या फोनमध्ये चाळीस फोटो होते. एकूण एक फोटोत काच, दिवा, नाहीतर त्याचा स्वतःचा हात. "काढलाय बहुतेक. बघतो," असं म्हणत तो बाहेर गेला आणि संडासाची कडी लावून बसला. फोनवरचा एक फोटो घेतला आणि कडेनं कापू लागला. आधी दिवा कापला. मग काचेची कड. मग वाटी. कापून कापून नुसता साप उरवायचा होता. बोटं ओली होती, फोटो सारखा निसटत होता. पलीकडच्या खोलीत बायकोचा श्वास जड होत होता आणि हा इथं आपली अब्रू कातरत होता. हे लिहितानाही लाज वाटते, मग करताना त्याला वाटली नसेल?

वाटली. म्हणूनच तर तो थांबला नाही.

बाहेर येऊन त्यानं फोन पुढं केला. डॉक्टरनं फोटो मोठा करून पाहिला, केंद्राला पाठवला, उत्तर आलं. "कोरल! कोरलचं औषध काढा, आणि श्वासाचं यंत्र आत घ्या!" माणसं धावली. धावपळीत तिनं फोन जर्बासच्या हातात परत दिला आणि हळूच विचारलं, "दोना झेफाच्या विटांत नारळाचा भुसा कुणी पसरला हो?"

जर्बासनं मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"किती वाजता चावला? आता तरी खरं सांगा."

त्यानं खरी वेळ सांगितली. पेटीही सांगितली. डॉक्टरनं ते सगळं कागदावर लिहून घेतलं आणि ती लुसिमारकडे वळली.

लुसिमार दोन दिवस यंत्रावर होती. सरकारी माणसं घरी येऊन साप घेऊन गेली, जर्बासच्या सह्या घेतल्या. कचेरीनं पुढचं कळवू म्हणून सांगितलं. गल्लीत मात्र यातलं काहीच पोचलं नव्हतं. तिथं सापाची गोष्ट विटांतच बसली होती, आणि ती उठवायला जर्बास गेला नाही.

आठवड्यानं लुसिमार घरी आली. आवाज अजून घोगरा. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेताना ती म्हणाली, "डोळे मिटले होते माझे, कान नव्हते मिटले. गाडीत ऐकलं, दवाखान्यात ऐकलं. तू बाहेर गेलास तेव्हा मला वाटलं, आता येईल, आता येईल. किती वेळ गेला होतास रे?"

जर्बासला खोटं सुचलं होतं. ते त्यानं गिळलं. "सात मिनिटं."

"मला जास्त वाटली," ती म्हणाली.

एवढ्यात फाटकाशी टाळी वाजली; आमच्याकडे दार ठोठावत नाहीत, टाळी वाजवतात. दोना झेफा आली होती, हातात कोंबडी घातलेल्या पेजेचं पातेलं. आत येऊन तिनं लुसिमारचा हात धरला आणि रडूच लागली.

"पोरी, माझ्या पापानं मरत होतीस तू! हा बिचारा दरवेळी सांगत होता, दोना झेफा, विटा हलवा. मी ऐकलं नाही. त्या सगळ्या नेऊन टाकल्या बघ. गाडीवाला म्हणाला फुकट देत असाल तर नेतो, म्हटलं ने बाबा. दुकानातसुद्धा बायका माझ्याशी बोलत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं." मग ती जर्बासकडे वळली. "माफ कर रे बाबा मला."

लुसिमारनं नवऱ्याकडे पाहिलं.

"दोना झेफा," जर्बास म्हणाला, "साप तुमच्या विटांतला नव्हता. माझा होता. विकत घेतलेला. इथं मागं पेटीत होता."

म्हातारीला कळायला वेळ लागला. कळलं तशी ती रडायची थांबली. पातेल्यावरचं झाकण तिनं नीट बसवलं आणि लुसिमारपुढं सरकवलं. "गरम आहे तोवर खा गं." मग जर्बासकडे न बघता म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझ्याशी बोलणं मी बंद केलेलं नाही. ज्यांनी केलंय त्यांना सांग. प्रत्येकाचं दार तुला ठाऊकच आहे."

ती गेली. जर्बास उठला. निळा शर्ट खुंटीवर होता, तो त्यानं घातला नाही. कोपऱ्यावरच्या पहिल्या घरापाशी जाऊन त्यानं टाळी वाजवली. घरवाली बाहेर आली आणि हसली, "आज पाणी ओतायला का? बायको कशी आहे आता? त्या विटांनी बाई घातच केला होता."

"बरी आहे," जर्बास म्हणाला. "पाणी बघायला नाही आलो. जरा बाहेर या, आणि घरात कोण कोण आहे त्यांनाही बोलवा."