रिक्षाचा स्टार्टर

पेट्रोलचा वास आला की मला गारखेड्यातलं आमचं अंगण आठवतं. मोठा भाऊ अपघातात गेल्यापासून त्याची रिक्षा तिथंच उभी होती. विकायची ठरली, पण बटण दाबलं की नुसती टकटक व्हायची. शेजारच्या मिस्त्रीचाचांनी स्टार्टर खोलला, गंजून अडकलेला गियर पेट्रोलनं धुतला, ग्रीस लावून परत बसवला. म्हणाले, "आता दाब, बेटा." मी बटण दाबलं आणि इंजिन सुरू झालं. तेवढ्यात आतून आई बोलली, "आला का रं? बस, भाकर टाकते." चाचांनी इंजिन बंद केलं. पिठाच्या हातांनी आई दारात आली आणि आमच्याकडं नुसती बघत राहिली. आता आईही नाही. तरी दारात रिक्षा थांबली की मी स्वयंपाकघराकडं कान देतो.