उंबऱ्यावरचा निरोप्या

महाडच्या इंग्रजी शाळेत मास्तरांनी डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकवायला घेतलं तेव्हा मी चाटच पडलो. एकाचं बोलणं दुसऱ्याने सांगायचं, त्यात 'मी'चा 'तो' करायचा, 'आज'चा 'त्या दिवशी' करायचा. हे तर मी घरी कळायला लागल्यापासून करत होतो. त्याला व्याकरण असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं घर पोलादपूरच्या पुढे, आंबेनळीच्या पायथ्याच्या वाडीत. आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नसे. वडील मुंबईला गिरणीत होते, वडिलांची आई वारलेली. तेव्हा माझी आई माजघराच्या दारामागून माझ्या कानात कुजबुजे, मी ते ओटीवर आजोबांना सांगे आणि त्यांचं उत्तर परत दाराशी नेई. आजोबांचं बोलणं आईला तिथेच ऐकू येई, तरी मी ते पुन्हा सांगायचं. आजोबा घरात असले की आईचा आवाज कधी मोठा निघत नसे.

म्हणून मी वर्गात उठून विचारलं, "मास्तर, इंग्रजांच्या सुनासुद्धा सासऱ्याशी बोलत नाहीत का?" वर्ग खिदळला. मास्तरांनी मला बाकावर उभं केलं. माझं काय चुकलं ते मला आजही नीटसं पटलेलं नाही.

त्याच शनिवारी महाडच्या बाजारात तुडीलचा माणूस भेटला. तुडील म्हणजे आईचं माहेर. तिची आई अंथरुणाला खिळली होती आणि लेकीला बघायचं म्हणून हट्ट धरून होती. मी तडक वाडी गाठली आणि आईला सांगितलं. ती मटकन खाली बसली. मग तिने मला ओटीवर पाठवलं.

"आय म्हनते, तिच्या आयला बरं नाय. तुडीलला जाऊ का?"

आजोबा दोरी वळत होते. "म्हनावं, भात कापून होऊदे."

मी दाराशी आलो. आई रडत होती. तिने पुन्हा पाठवलं, मी पुन्हा गेलो. तिचे हुंदके काही मला नेता येईनात. ओटीवर पोचेपर्यंत त्यांचं एक साधं वाक्य होऊन जाई. "एकदा सांगितलं ना," आजोबा म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि स्वतःच्या त्या सपाट वाक्याचाही.

सकाळी आई गाठोडं घेऊन दाराबाहेर आली. थेट ओटीवर, आजोबांसमोर. डोक्यावर पदर होता, पण मान ताठ होती.

"मामंजी, माजी आय मराया टेकलीय. मी तुडीलला चालले."

आजोबांच्या हातातली दोरी सुटली. त्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं, ती काय म्हणते ते मी सांगावं म्हणून. मी काय सांगणार? बोलून झालं होतं. आई जराशी थांबली, मग पायऱ्या उतरून चालू लागली. मीही तिच्या मागे निघालो.

"थांब रे," आजोबा म्हणाले. मला वाटलं, आता तिला परत बोलवायला लावणार. पण ते वाटेकडेच बघत बसले होते.

"इतकी वर्सं घरात हाय ती," ते म्हणाले. "तिचा आवाज असा हाय होय?"