मार्लेनचं पहिलं टेबल

अलमाटीच्या उत्तरेला, आम्हा कोरियन लोकांच्या उश्तोबे गावात कुणाची साठी असली की पाहुण्यांच्या आधी मार्लेन ख्वानची गिटार हॉलमध्ये पोचते. गेली तीस वर्षं हे असंच चालत आलंय. साठीचा माणूस नवाकोरा सूट घालून टेबलामागे बसणार, मुलं-सुना-जावई वयाच्या क्रमानं पुढे येऊन पेला भरणार, गुडघे टेकून वाकणार, आणि कोपऱ्यात स्टुलावर बसून मार्लेन वाजवणार. रेल्वेतल्या म्हाताऱ्याला लष्करी कवायतीची धून, बेकरीवालीला तिच्या गेलेल्या नवऱ्याचं आवडतं गाणं. कुणाला काय हवं हे त्याला विचारावं लागत नाही. फुशारकी नाही मारत, पण मार्लेनच्या गिटारीशिवाय झालेली साठी आमच्यात अर्धीच धरतात.

तेव्हा खुद्द मार्लेनला साठावं पुरं होणार म्हटल्यावर त्याच्या बायकोनं, फ्लोरानं, वर्षभर आधी कंबर कसली तर त्यात नवल कसलं? आमच्या कोरियन माणसाच्या जन्मात टेबलं तीनच. वर्षाचा झाला की पहिलं, लग्नात दुसरं, साठीला तिसरं. पहिली दोन आईबाप मांडतात, तिसरं मुलं. मुलं जगली पाहिजेत, मार्गी लागली पाहिजेत, त्यांची लग्नं झालेली पाहिजेत, तरच ते मांडायचं. पैसा टाकून ते विकत मिळत नाही.

आणि फ्लोराला ते टेबल हवंच होतं. त्याच्यापेक्षा तिलाच जास्त.

कारण सांगतो. पंच्याऐंशी सालच्या वसंतात तिचं लग्न झालं, तेव्हा मार्लेन म्हणजे कोण होता! ‘उत्तरवारा’ बँडचा गिटारवाला. कारागांदापासून ताश्कंदपर्यंत पोरी त्याच्या नावानं चिठ्ठ्या पाठवायच्या. त्याची पहिली इलेक्ट्रिक गिटार त्यानं स्वतः बनवली होती. लाकूड जुन्या पलंगाचं, आणि आवाज पकडायला रस्त्यावरच्या टेलिफोनचा कान कापून आणलेला. त्या महिन्यात अर्ध्या गावाचे फोन मुके झाले होते, आणि सगळ्यांना चोर माहीत होता. त्याच सालच्या शरदात त्यांचा गाणारा मॉस्कोला निघून गेला, ढोलवाला सैन्यात गेला, आणि बँड मोडला. झालं! गावानं निकाल देऊन टाकला: बायको आली आणि बँड गेला. चौतीस वर्षं फ्लोरानं हे ऐकलं. बाजारात ऐकलं, लग्नात ऐकलं, हसत हसत म्हटलेलं ऐकलं आणि दातओठ खाऊन म्हटलेलंही ऐकलं.

मार्लेननं काय केलं? रडत बसला नाही. सासऱ्याच्या टोळीबरोबर कांदा लावायला गेला. मार्च ते ऑक्टोबर, दूर वोल्गाकडच्या माळावर, मातीच्या झोपड्यांत. कांद्याच्या रसानं बोटं अशी चिरायची की तारेवर ठेवली की डोळ्यांत पाणी. तरी गिटार घेऊन जायचा. सासरा म्हणायचा, "जावईबापू, कुदळ मारताना तुमचा ताल चुकत नाही हो." मस्करी होती, पण पुढे टोळीतली माणसं त्याच्या तालावरच सरी ओढायला लागली. देश बदलला, शेती गेली, तेव्हा मार्लेन टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायला लागला. संध्याकाळी क्लबच्या मागच्या खोलीत पोरांना वाजवायला शिकवायचा, आणि फी म्हणून कुणी लोणचं आणलं तर तेवढं ठेवून घ्यायचा. मुलगी एल्वीरा अलमाटीत डॉक्टर झाली, मुलगा पूल बांधतो. दोघांची लग्नं झाली. म्हणे बँड गेला! फ्लोराच्या मनात यायचं, या सगळ्यांना एकदा त्या टेबलासमोर ओळीनं उभं करते आणि दाखवते काय राहिलं ते.

मार्लेनची आई होती तोवर तिला एकच कोडं पडलेलं. पहिल्या टेबलावर मूल जे उचलतं तसं त्याचं आयुष्य जातं, आणि मार्लेननं म्हणे पुस्तक उचललं होतं. "पुस्तक उचललं, आणि शाळेत कधी उघडलं नाही," ती म्हणायची. "टेबल चुकलं तरी कसं?" शेवटपर्यंत तिला ते कळलं नाही.

साठी दोन दिवसांवर आली असताना अडचण आली ती ओक्सुन आत्याकडून. मार्लेनच्या बापाची धाकटी बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, ख्वानांच्या घरातलं आता सगळ्यांत मोठं माणूस. जीभ अशी की कोंबड्यासुद्धा वाट बदलायच्या. मार्लेनच्या गिटारीला ती आयुष्यभर "ते खोकं" म्हणत आली, आणि तो वाजवायला लागला की उठून जायची. एल्वीरा तिला विचारायला गेली, "आजी, बाबांच्या साठीची चालतेगी तुम्हीच कुटाल ना?" चिकट भात वाफवून, कुटून केलेला तो गोळा टेबलावर नसेल तर टेबल कसलं?

आत्या म्हणाली, "त्याच्या साठीचं टेबल मांडायचं नाही."

"का?"

"मी सांगते म्हणून."

एल्वीरानं आईला सांगितलं, आणि फ्लोरानं ॲप्रनसुद्धा सोडला नाही, तशीच आत्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, चौतीस वर्षं तुमचं ऐकून घेतलं. मला पांढऱ्या पायाची म्हणालात, घेतलं ऐकून. त्यांच्या गिटारीला खोकं म्हणालात, तेही घेतलं. आज कारण सांगा, नाहीतर मी इथून हलत नाही."

आत्या लसूण सोलत होती. सोलतच राहिली. खाली बघतच म्हणाली, "त्याचं पहिलं टेबल झालंच नाही."

फ्लोरा बाकावर बसली. पहिलं हुकलं त्याची पुढची दोन्ही मांडू नयेत, मुलांच्या जिवाला ते वाईट, हे आमच्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

"सासूबाई तर म्हणायच्या पुस्तक उचललं..."

"मी सांगितलं तिला तसं." आत्यानं सुरी खाली ठेवली. "दादा-वहिनी मळ्यावर होते. त्याच दिवशी त्यांची पाण्याची पाळी आली. पाळी सोडली असती तर रोप वाळलं असतं. वहिनी म्हणाली, ओक्सुन, तू मांड टेबल, पण बाराच्या आत मांड, नंतरचं धरत नाहीत. भात भिजवून ठेवलेला होता. आणि मी... एकोणीस वर्षांची होते गं. क्लबात अलमाटीचे वाजवणारे आले होते. म्हटलं, जरा डोकावून येते. पोराला पाठीशी बांधलं आणि गेले. घरी आले तेव्हा एक वाजून गेला होता."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? त्याचं लग्न ठरलं तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. पहिलं नसताना दुसरं मांडलं, आणि सहा महिन्यांत त्याचा बँड मोडला. तू नव्हतीस पांढऱ्या पायाची. मी होते. तुला म्हणत राहिले."

फ्लोराला आधी संताप आला, खरं सांगायचं तर एक भांडं फेकून मारावंसं वाटलं. मग समोरच्या म्हातारीकडे बघून तिचा संताप कुठल्या कुठे गेला. साठ वर्षं हे पोटात ठेवायचं म्हणजे काय गंमत आहे?

तिनं मार्लेनला सांगितलं. तो एक रेडिओ उघडून बसला होता. पहिल्यांदा हसला, मग हसायचा थांबला.

"मग नकोच," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"फ्लोरा, मी किती घरांच्या साठीला वाजवलं, पण त्यातल्या एकाच्याही टेबलात खोट नव्हती. खोट असताना मी बसायचं, आणि उद्या एल्वीराला किंवा पोराला काही झालं तर? नको. मी आपला कोपऱ्यातल्या स्टुलावर बरा."

कोपऱ्यातल्या स्टुलावर बरा! रात्रभर फ्लोराला ते वाक्य सलत राहिलं. सकाळी उठून ती परत आत्याच्या दारात.

"आत्याबाई, ख्वानांच्या घरात तुमच्याहून मोठं कोण आहे?"

"कोण असणार? सगळे गेले की."

"मग नियम कोण सांगणार?"

आत्यानं मान वर करून बघितलं.

"पहिलं टेबल तुमच्यावर सोपवलं होतं," फ्लोरा म्हणाली. "ते अजून तुमच्याकडेच आहे. त्याच्या वाढदिवसाला सकाळी मांडा. बाराच्या आत. मग दुपारी आम्ही तिसरं मांडतो."

"साठ वर्षांच्या घोड्याचं पहिलं टेबल? लोक शेण घालतील तोंडात."

"घालू देत. चौतीस वर्षं माझ्या तोंडात घातलंच आहे."

आत्यानं लसणाची टोपली बाजूला सारली. "भात आजच भिजवायला लागेल," ती म्हणाली.

बारा मेला सकाळी ख्वानांच्या अंगणात ही गर्दी! साठीचं आमंत्रण दुपारचं, पण पहिल्या टेबलाची बातमी गावभर झाली होती आणि कोण घरी थांबतंय? बुटकं टेबल मांडलेलं, आणि त्यावर आत्यानं स्वतःच्या हातांनी कुटलेली चालतेगी. तांदूळ, दोरा, कात्री, पेन, पुस्तक असं सगळं रीतीप्रमाणं. एल्वीरानं हळूच कांदा कापायची जुनी सुरीही ठेवली होती. आत्यानं डोळे वटारले, पण सुरी उचलली नाही.

मार्लेन उशीवर बसला. गुडघे वाजले तसं कुणीतरी ओरडलं, "ताल चुकला रे!" अंगण हसलं. तोही हसला. मग त्यानं टेबलावरून नजर फिरवली. तीन वस्तू उचलायच्या होत्या. त्यातली पहिली खरी.

त्याचा हात पुस्तकाकडे गेला. फ्लोराला कळलं का ते. आई बिचारी जन्मभर सांगत राहिली, पोरानं पुस्तक उचललं. तिला आता खोटं पाडायचं नव्हतं त्याला.

"थांब!"

आत्या उभी राहिली होती.

"पुस्तक नाही उचललंस तू."

"ठाऊक आहे, आत्या. टेबलच नव्हतं."

"टेबल नव्हतं. पण तू उचललंस." आत्यानं फ्लोराकडे पाहिलं. "हे तुलाही नाही सांगितलं. क्लबात तो एक वाजवणारा होता, उंच, कुरळ्या केसांचा. त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. काय बोलावं सुचेना म्हणून नुसती उभी. तो खुर्चीवर बसून तारा लावत होता. आणि या मेल्यानं माझ्या पाठीवरून हात खाली घातले आणि धरली त्याची गिटार. दोन्ही मुठींनी. मी ओढतेय, तो ओढतोय, हा सोडायला तयार नाही. एक तार तुटली, फट्‌! तरी तो तुकडा मुठीत घट्ट धरून भोकाड पसरलं. घरापर्यंत सोडला नाही. मी तो मागच्या कालव्यात फेकला. वहिनीला काय सांगणार होते? की तुझ्या पोरानं वाजवणाऱ्याची तार उचलली? म्हणून म्हटलं, पुस्तक. ऐकायला बरं वाटलं. मग हा मोठा झाला आणि खरंच ते खोकं घेऊन फिरायला लागला, तेव्हा मला वाटलं, मीच याला या वाटेला लावलं. त्याचं वाजवणं ऐकवायचंच नाही मला."

मार्लेन आत्याकडे बघत होता.

"आत्या, तेव्हा किती वाजले होते?"

"काय?"

"मी तार धरली तेव्हा. किती वाजले होते?"

आत्यानं डोळे मिटले. "अकरा... सव्वाअकरा. बाराचा भोंगा त्यानंतर खूप वेळानं झाला."

"म्हणजे बाराच्या आत," मार्लेन म्हणाला.

आत्या ढसाढसा रडायला लागली. जिच्या डोळ्यांत दोन्ही भावांच्या मातीला पाणी आलं नव्हतं, ती ओक्सुन आत्या पदर नसलेल्या झग्याच्या बाहीला नाक पुसत रडली. मग तशीच तरातरा घरात गेली. आयुष्यात जिला बोट लावलं नव्हतं ती गिटार भिंतीवरून काढून दोन्ही हातांत घेऊन आली आणि चालतेगीच्या शेजारी आडवी ठेवली.

"उचल," ती म्हणाली. "या वेळी सगळ्यांच्या समोर उचल."

त्यानं उचलली. अंगणात असा गलका झाला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "अजून दोन! अजून दोन!" मार्लेननं कांद्याची सुरी उचलली, आणि मागच्या बाजूला सासऱ्याच्या टोळीतले उरलेले दोघे म्हातारे टोप्या काढून उभे राहिले. तिसऱ्यासाठी त्याला टेबलावर काही दिसेना. तो मान वळवून फ्लोराकडे बघायला लागला.

"मला उचलायला जाऊ नका," फ्लोरा म्हणाली, "कंबर मोडेल, आणि दुपारचं टेबल राहील बाजूला."

हसून हसून लोकांच्या पोटात दुखलं. मार्लेननं दोरा उचलला, तो तिच्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधला, आणि फ्लोराला रडू आवरेना, तिनं आवरलंही नाही. गर्दीत बाजारातल्या त्या सगळ्याजणी उभ्या होत्या. बघा, तिला वाटत होतं, डोळे भरून बघा काय राहिलंय ते.

साठीच्या माणसानं त्या दिवशी इकडची काडी तिकडे करायची नसते. मार्लेन वाजवायला लागला. कुणी अडवलं नाही, कारण रीतीप्रमाणं अजून त्याचं पहिलंच टेबल चालू होतं. आत्या उठून जायला निघाली नाही. ती टेबलासमोर, अगदी पुढे, जमिनीवर मांडी घालून बसली, आणि एक गाणं संपलं की म्हणायची, "दुसरं."