चिंच-मिठाने घासलेली चांदणी

सासूबाई नागपूरहून डब्लिनजवळ स्वोर्ड्सला आमच्याकडे आल्या आणि आल्या आल्या माझं किचन त्यांचं झालं. प्रेसमधले, म्हणजे इथल्या भिंतीतल्या कपाटातले, डबे हलले, मसाल्यांची उचलबांगडी झाली. मी दातओठ खात ते चालवून घेतलं, कारण माझा सगळा जीव एका फरशीत अडकला होता.

मध्ययुगीन इराणमधल्या फरशा मी डब्लिनच्या संग्रहालयात पाहिल्या आणि येडी झाले. आठ टोकांची चांदणी, मध्ये ससा, कडेने अक्षरं, आणि सगळ्यावर सोनेरी झळाळी. सोनं मात्र औषधालाही नाही! चांदी-तांब्याचे क्षार मातीत कालवायचे, आधीच भाजलेल्या पांढऱ्या झिलईवर त्याने रंगवायचं आणि भट्टी धुरात कोंडायची. मीही तशा करू लागले, पण माझ्या फरशा नुसत्या डागाळायच्या. अखेर एक जमली. ती सोमवारी सिरॅमिक्सच्या कोर्सच्या इंटरव्ह्यूला न्यायची होती. प्रवेश मिळाला की मी आयटीतली नोकरी सोडणार होते. नवऱ्याला ते मनातून पटलेलं नव्हतं, पण तोंडाने आपलं इथल्या लोकांसारखं "ग्रँड, ग्रँड," म्हणजे छान, छान.

अशी फरशी भट्टीतून काळीकुट्ट निघते. वरची जळकी माती मऊ फडक्याने हलकेच पुसायची. कोपरा पुसून मी नवऱ्याला दाखवलंही होतं. "कांद्याच्या सालीहून पातळ आहे ही झळाळी. खरखरीत काही लागलं की संपलं," असं बजावलं होतं.

शनिवारी मी भाजी घेऊन आले, तर सासूबाई सिंकपाशी. देवाची पितळी भांडी लख्ख घासून मांडलेली, आणि हातात चिंच, मीठ, तारेची घासणी आणि माझी फरशी. ससा गेला होता. अक्षरं गेली होती. पांढरीफटक चांदणी तेवढी उरली होती.

"अहो आई, काय केलंत हे!" मी किंचाळलेच. त्या क्षणी मला त्यांचा मनापासून तिटकारा आला.

"काहून ओरडून रायली व? काळी पडली होती. कोपऱ्यात पितळेवानी चमकली, म्हून देली घासून."

"निदान विचारायचं तरी!"

"इचारलं ना! हा इथंच तर बसला होता चहा पीत. म्हने, घास बिनधास्त."

मी वळले. नवरा टेबलाशी बसून फोन चाळत होता. सासूबाईंवरचा राग कुठल्या कुठे गेला.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"दुसरी कर ना," तो मान वर न करता म्हणाला. "आणि नाही जमली, तर नोकरी आहेच."