पावणेबारा इंच

सिंदीच्या बाजारातले टेलरमामा गळ्यातला टेप फक्त जेवताना आणि झोपताना काढत. दिसेल ते मोजायची त्यांना खोडच होती. शाळेतला पृथ्वीचा गोल मी त्यांना पहिल्यांदा दाखवला, तेव्हा त्यांनी आधी त्याची कंबर मोजली. साडेसदतीस इंच भरली.

गोलाचं काम निघालं ते त्यांच्या मुलीमुळे. शकू सेवाग्रामला नर्स झाली, तिला टोरांटोला नोकरी मिळाली आणि मामींनी जेवण सोडलं. पोरगी इतक्या लांब गेली तर आपल्या मरणालाही पोचायची नाही, हे त्यांचं एकच म्हणणं. पण किती लांब, ते कोणालाच सांगता येईना. मी भूगोल शिकवते म्हणून मामा माझ्याकडे आले.

मी ऐटीत भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. मुंबईहून अरबस्तान, आफ्रिका, मग अटलांटिक, असा रस्ता सांगितला. मामांनी गोलावर टेप ताणला, तर तो रशियावरून थेट उत्तरेच्या बर्फात गेला. टेप घसरला, असं मी म्हटलं.

"बाई, पोटाचं माप घेतो तं टेप पोटावरून फिरवतो. मापासाठी गिऱ्हाइकाले सपाट करता येते का?"

मी पट्टी खाली ठेवली. अंतर पावणेबारा इंच भरलं. विमानाचा वेग मी सांगितला, हिशोब त्यांनी केला. इंचाला सव्वा तास, म्हणजे सगळे मिळून पंधरा तास. चौथीतल्या पोराच्या चड्डीएवढं अंतर आहे, असं त्यांनी मामींना टेप धरून दाखवलं. त्या दिवशी मामी जेवल्या.

पोचल्याचं शकूचं पत्र आलं. लंडनला विमान बदलण्यात वेळ गेला, पुरता एक दिवस लागला होता. हिशोब चुकला म्हणून मी मामांना चिडवलं. अंतर बरोबर आहे, दाब धरायचा राहिला, असं ते गंभीरपणे म्हणाले. अंग वाढलं की उसवून सोडायला कपड्यात जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, तो दाब. मामा तो इतका ठेवत की एक चड्डी दोन भावांना पुरायची. मग दुकानाच्या फळीवर त्यांनी खडूने लिहून ठेवलं, 'टोरांटो ते सिंदी, दाब धरून चार दिवस'.

सहा वर्षांनी ती वेळ मामांवरच आली. छातीत दुखून त्यांना दवाखान्यात ठेवलं आणि डॉक्टरांनी मुलीला बोलावून घ्यायला सांगितलं. मी तार केली. मामांनी गोल मागवला आणि खाटेवर पडल्या पडल्या अंतर पुन्हा मोजलं. ते वाढलं नव्हतं. चार दिवस, असं मामींना सांगून त्यांनी टेप उशाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांचं बोलणं बंद झालं. मामी दाराकडे बघत बसून असायच्या. त्यांचं तेव्हाचं म्हणणं खरं होणार, या भीतीने मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी शकू आली. बॅग दारातच टाकून तिने बापाचा हात धरला आणि उशीर झाला, उशीर झाला, म्हणून रडू लागली. मामांनी डोळे उघडले.

"नाई झाला, माय. दाब ठेवला होता मी."

संध्याकाळी ते गेले. टेप शकू घेऊन गेली. मी नवा आणला. वर्गात अंतर शिकवायचं असलं की नकाशा गुंडाळून ठेवते, आणि गोलावर सगळ्यात आधी मुंबई ते टोरांटो मोजते.