मुकादम आणि न विझणारा तारा

मुकादमकाका कशावरही आधी पालथा हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “आत हाय.”

पांढुर्ण्यातल्या कापसाच्या जिनिंगमागे त्यांची एक खोली, आमची एक. बाबा रुईच्या गठाणी, म्हणजे दाबून बांधलेल्या गासड्या, वाहायचे, आई सांडलेली सरकी वेचायची. पावसाळ्यात जिनिंग बंद, की आमची चूल एकवेळची. गठाणीला आग लागली आणि पाणी मारून विझवली, तरी आत रुई दिवसच्या दिवस धुमसते. म्हणून तशी गठाण आवारात एकटी ठेवायची आणि मुकादमानं रोज हात लावून पाहायचा, हा तिथला नेम. काका तो नेम आमच्या घरीही आणत, विझल्या चुलीवर हात धरत. आई म्हणे, “भाऊजी, चूल माही हाय. जिनिंगची नाही.”

पुढं मी नागपूरला नवताऱ्यांवर पीएचडी करू लागलो. हे काय असतं, असं तुम्ही विचाराल. काकांनीही विचारलं.

“मेलेला तारा शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून अंगावर साठवते, काका. लय साठला की भडका. मंग उजेड उतरते, लोक म्हणतात विझला. पण आत जळूनच राहिलं असते. वरचा वायू पातळ झाला की आतले एक्स-रे उपग्रहाले दिसतात. ते बंद झाले, की खरा विझला.”

“मंग गठाणच हाय नं बे ते.”

सेमिनारमध्ये मी गठाणीचं उदाहरण इतक्या ऐटीत दिलं, की चहाच्या वेळी एकानं मला रुईचा भाव विचारला.

असा तारा संगणकावर रचायचा, हे माझं काम. त्याचा उजेड आणि एक्स-रे आकाशातल्या एका खऱ्या ताऱ्यासारखे चढले-उतरले पाहिजेत. उजेड जमला. एक्स-रे मात्र बंदच होईनात. खरा तारा तर कधीचा गार झालेला. गाईड म्हणाले, “दिवाळीपर्यंत विझवा, नाहीतर विषय सोडा.”

सुटीत घरी आलो, की काका दारातच. “विझला का बे तुहा तारा?”

“नाही, काका.”

“म्या म्हटलंच होतं. आत हाय.”

माझ्या फजितीचा एवढा आनंद वैऱ्यालाही झाला नसता.

शेवटी चूक सापडली, ती पक्की जिनिंगची निघाली. भडक्यानंतर ताऱ्यावरून जोराचा वारा सुटतो आणि पुष्कळसं जळण घेऊन जातो. मी तो वारा मंद धरला होता. आत काहीतरी उरतंच, अशी लहानपणापासूनची समजूत. वारा वाढवला, जळण थोडंच उरलं, आणि एक्स-रे खऱ्या ताऱ्याइतक्याच दिवसांत बंद पडले.

काका तेव्हा सौंसरला लेकीकडे आजारी पडून होते. नागपूरहून तडक बसनं तिकडे गेलो.

“काका, विझला.”

“हात लावून पाह्यला?”

“ताऱ्याले कसा हात लावू?”

“मंग कायचा विझला?”

मला राग आला. मोबाइलवर आलेख काढून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी मोबाइलवरच पालथा हात ठेवला.

“गरम हाय,” म्हणाले, आणि खोकला येईस्तोवर हसले.

दिवाळीआधीच ते गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. काकांचे जावई पुढं वाकले, तेव्हा मी म्हणालो, “थांबा,” आणि राखेवर पालथा हात ठेवला. जिनिंगची माणसं होती. ती एक पाऊल मागं सरली.

राख गार होती. तरी हात काढायला मला वेळ लागला.

प्रबंध मंजूर झाला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, पहिला डॉक्टरही मीच. माझा तारा वेळेवर विझतो.