अकरा महिन्यांचं घर

गुरुशांत बिराजदारांनी दुधनीतलं किराणा दुकान विकलं आणि सोलापुरात विजापूर रोडला दुमजली घर बांधलं. खाली स्वतः राहायचं, वरच्या मजल्याच्या भाड्यावर म्हातारपण काढायचं, असा हिशेब होता. पण भाडेकरू या शब्दाचीच त्यांना धास्ती. वडिलांनी एका ओळखीच्याला खोली दिली होती. त्याने ती सोडली नाही, आणि कोर्टाच्या खेपा घालता घालताच वडील गेले.

म्हणून गुरुशांत कोणालाच अकरा महिन्यांच्या वर ठेवत नसत. माणूस कितीही चांगला असो. दर खेपेला रंग द्यायचा, एजंटाला द्यायचं, मधे घर रिकामं राहायचं. त्यांची बायको चंद्रिका म्हणायची, असल्या भाड्यातून हाती काय लागतं? ते म्हणायचे, घर तरी आपलं राहतं.

मग सोनम आली. मूळची केम गावची, इथल्या एका दवाखान्यात नर्स. नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. मुलगी दहावीला, शाळा चार पावलांवर. भाडं वेळेत, जिना झाडलेला. चंद्रिकेचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा रात्रपाळी करून आलेली सोनम तिच्या उशाशी बसून राहिली होती.

डिसेंबरात करार संपला. सोनम खाली आली.

"काका, मार्चपतोर ऱ्हाऊ द्या की. पोरीची परीक्षा झाली की त्याच दिवशी चावी देते."

गुरुशांत म्हणाले, "तुझ्यावर संशय न्हाय, बाई. पण एकाला मुदत वाढवून दिली की मोडतंय सगळं."

तिने वाद घातला नाही. आठवड्यात टेम्पो लागला. चंद्रिका त्या दिवशी जेवली नाही, नवऱ्याशी बोललीही नाही.

नंतर घराला गिऱ्हाईकच लागेना. कोणाला भाडं जास्त वाटे, कोणाला अकराच महिन्यांचा करार नको. उन्हाळा लागला. वरच्या मजल्याची न वापरलेली पाण्याची मोटर जाम झाली, चौकटीला वाळवी धरली. घरपट्टी काही थांबली नाही. गुरुशांत रोज सकाळी वर जाऊन खिडक्या उघडत आणि रिकाम्या खोलीत उभे राहत.

एप्रिलमध्ये पत्ता काढून ते सोनमकडे गेले. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला तिची एक खोली होती. शाळेजवळ जागा मिळाली नव्हती, म्हणून परीक्षेपुरती मुलगी एका मैत्रिणीच्या घरी राहिली होती, हे त्यांना तिथे कळलं. चहा पिऊन त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, परत या, किती दिवस राहायचं ते तुम्हीच ठरवा.

सोनम म्हणाली, "काका, तुमाला भ्या वाटत हुतं, ते मला तवाच कळलं. राग न्हाय माजा. पर आता पुन्यांदा सामान बांदायची ताकद न्हाय."

जूनमध्ये एक तरुण जोडपं घर बघायला आलं. चंद्रिका काही बोलायच्या आत गुरुशांतांनीच तीन वर्षांचा करार करू म्हणून सांगितलं. करार नोंदवताना यंत्रावर अंगठा नीट उमटेना, हाताला इतका घाम.

जोडपं राहायला आलं त्या दुपारी वर भिंतीत खिळा ठोकल्याचा आवाज आला. गुरुशांत ताडकन उठले, जिन्याच्या तीन पायऱ्या चढले आणि थांबले. ठोकणं चालूच होतं. खाली उतरून ते पुन्हा खुर्चीत बसले. चंद्रिकेने विचारलं, काय झालं? ते म्हणाले, काही नाही.